लढाईतील जीपगाडी : घेणाऱ्यासाठी आणि विकणाऱ्यासाठी

जुने घर घेणारा मनुष्य भिंत ठोकून पाहतो. जुना तंबोरा घेणारा भोपळ्याला चीर गेली आहे की काय ते पाहतो. समोर आहे ती एकच वस्तू आहे आणि ती एकाच वेळी, एकाच हाताखाली तयार झाली आहे, ह्याविषयी दोघांनाही शंका नसते. दुसऱ्या महायुद्धातील जीपगाडी विकत घेणाऱ्याला मात्र ही निश्चिंती नाही. त्याच्यापुढे उभ्या असलेल्या गाडीचा सांगाडा, ज्याला बाजारात चासी म्हणतात, फोर्डच्या कारखान्यातला असू शकतो. एंजिन विलीजचे असू शकते. पत्र्याचे सर्व अंग अलीकडे फिलिपीन्समध्ये नवे बनवून आलेले असू शकते. आणि कागदपत्रे तर चौथ्याच एखाद्या गाडीची, जी केव्हाच भंगारात जाऊन वितळली. हे चारही भाग एकमेकांत बिनतक्रार बसतात. किल्ली फिरवली की गाडी सुरू होते, शेतातून आणि ओढ्यातून चालते, आणि विकणारा तिला ‘१९४२ सालची अस्सल जीप’ म्हणतो. तो खोटे बोलतो असे म्हणावे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ही गाडी जन्मास कशी आली ते पाहिले पाहिजे; कारण आजच्या बाजारातील सारी फसगत आणि सारी सोय ह्या दोहोंचे मूळ तिच्या जन्मातच आहे.

१९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडले, आणि अमेरिका अद्याप युद्धात उतरली नसली तरी तिच्या सेनाधिकाऱ्यांची झोप उडाली. टेहळणीसाठी एक हलकी, ठेंगणी, चारही चाकांना गती मिळणारी गाडी त्यांना हवी होती. त्यांनी १३५ कारखानदारांना विचारणा केली आणि अट अशी घातली की नमुन्याची पहिली गाडी एकूणपन्नास दिवसांत दारात उभी राहिली पाहिजे. बहुतेकांनी ह्या अटीकडे पाहून हात जोडले. पेनसिल्व्हानियातील बटलर गावच्या अमेरिकन बँटम नावाच्या, जवळजवळ बुडीत निघालेल्या छोट्या कंपनीने मात्र ती पत्करली. कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या अभियंत्याने दोन दिवसांत आराखडे उभे केले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी होलाबर्डच्या छावणीत पोहोचली. बँटमच्या वाट्याला ह्या पराक्रमाचे फळ फारसे आले नाही. इतका लहान कारखाना लाखांनी गाड्या काय पुरवणार, असा विचार करून सैन्याने विलीज आणि फोर्ड ह्या मोठ्या कंपन्यांनाही ह्या कामात ओढले. पुढे विलीजचे साठ अश्वशक्तीचे चार सिलिंडरांचे एंजिन सरस ठरले. १९४१ मध्ये तिचाच आराखडा प्रमाण मानण्यात आला. आणि त्याच आराखड्याबरहुकूम गाड्या बनवण्याचे काम फोर्डलाही देण्यात आले. बँटमने लढाईचा उरलेला काळ बहुतांशी मागे जोडावयाचे गाडे बनवण्यात काढला. विलीजच्या सुमारे ३ लक्ष ६० हजार आणि फोर्डच्या सुमारे २ लक्ष ८० हजार गाड्या युद्ध संपेपर्यंत बाहेर पडल्या.

दोन कंपन्या, पण गाडी एक. सैन्याचा कटाक्ष असा होता की विलीजचा कोणताही भाग फोर्डला आणि फोर्डचा विलीजला बसलाच पाहिजे. आसामच्या चिखलात किंवा आफ्रिकेच्या वाळूत दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती गाडी उभी करणाऱ्या मिस्त्र्याला ही सोय म्हणजे वरदान होते. मोडलेल्या गाड्या लष्करी कारखान्यांत येत, सुट्या होत आणि पुन्हा बांधल्या जात. कोणते एंजिन कोणत्या सांगाड्यावर गेले ह्याची चौकशी करण्यास त्यावेळी कोणाला सवड होती? म्हणजे खुद्द युद्धातच बहुतेक जीपांची सरमिसळ झालेली होती. ज्या गुणामुळे ही गाडी लढाईत टिकली, त्याच गुणामुळे आज तिच्या खरेपणाचा प्रश्न इतका बिकट झाला आहे. हे लक्षात घेतले म्हणजे ‘सर्व भाग मूळचे’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या विक्रेत्याकडे जरा सावधपणे पाहावेसे वाटते. तो लबाड असेल किंवा नसेल. पण त्याला आपल्या गाडीची माहिती बेताची आहे एवढे खास.

युद्ध संपले तेव्हा हा प्रचंड साठा बाजारात आला. अमेरिकेत १९४४ च्याच एका कायद्याने शिल्लक मालाच्या विल्हेवाटीची तरतूद झाली होती आणि परतलेल्या सैनिकांना तो घेण्यात अग्रहक्क होता. त्या काळापासून तिकडे एक दंतकथा चालत आली : कोठेतरी सरकारी गुदामात, लाकडी पेटीत बंद, वंगण माखलेली कोरी जीप पन्नास डॉलरला मिळते! मासिकांतून तशा जाहिराती कित्येक वर्षे येत असत. भोळ्या मनुष्याने पैसे पाठवले की त्याच्या हाती जीप न येता शिल्लक माल कसा मिळवावा ह्याविषयीचे एक चोपडे पडे. दंतकथेत सत्याचा अंश इतकाच की परदेशी धाडताना पुष्कळ जीपा खरोखरच सुट्या करून पेटीतून पाठवल्या जात. पेटीतल्या जीपेची आशा बाळगणारे लोक अजूनही भेटतात, आणि त्यांना ती दाखवण्याचे आमिष देणारेही भेटतात.

शिल्लक जीपांनी जगात काय काय घडवले ते पाहणे मौजेचे आहे. मनिलामध्ये त्यांना मागे बाके आणि वर छप्पर चढवून उतारूंच्या गाड्या केल्या गेल्या. त्याच पुढे जीपनी म्हणून प्रसिद्धीस आल्या. इंग्लंडात रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स आपल्या अँगलसी बेटावरील शेतात एक शिल्लक जीप वापरीत. तिच्यावरून त्यांना आपल्याच कारखान्यात तशी गाडी काढण्याची कल्पना सुचली आणि १९४८ च्या एप्रिलअखेर ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर जगापुढे आली. हिंदुस्थानात ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्दच त्या पिढीच्या तोंडी बसला. मुंबईत महिंद्र बंधूंनी गुलाम महंमद यांच्यासह १९४५ मध्ये काढलेल्या कंपनीने पुढे माझगावला विलीज जीपा जुळवण्यास आरंभ केला. फाळणीनंतर महंमद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले; पण जीप राहिली. ह्या मुंबईच्या जीपांचा उल्लेख पुढे पुन्हा यावयाचा आहे, कारण लढाईतल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गाड्या वस्तुतः त्याच असतात.

जुनी जीप न पाहता घेतली तर काय होते, ह्याचा धडा स्वतंत्र भारताच्या सरकारालाच पहिल्या वर्षी मिळाला. काश्मीरमधील लढाईसाठी जीपा तातडीने हव्या होत्या. १९४८ साली लंडनमधील भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूस ठेवून एका परदेशी कंपनीशी सुमारे ८० लक्ष रुपयांचा करार केला. गाड्या वापरलेल्या, पण दुरुस्त करून द्यावयाच्या होत्या. रकमेचा मोठा भाग आगाऊ दिला गेला. प्रत्यक्षात १५५ गाड्या आल्या आणि त्या सैन्याच्या उपयोगाच्या नाहीत असे आढळले. संसदेत ह्या प्रकरणाचा पुष्कळ गाजावाजा झाला. १९५५ साली सरकारने ते बंद झाल्याचे जाहीर केले. त्यातील राजकारण बाजूस ठेवले तरी व्यवहाराचा दोष कोणाही गृहस्थाला समजण्याजोगा आहे. माल पाहण्यापूर्वी पैसा हातचा गेला होता. मनुष्य एकटा असो वा सरकार असो, पैसा एकदा गेला की विकणाऱ्याचा सूर बदलतो.

तेव्हा पाहावयाचे काय? प्रथम रंगाकडे आणि पांढऱ्या ताऱ्याकडे दुर्लक्ष करावे. रंग कोणालाही देता येतो. त्याचप्रमाणे गाडीच्या आतील पाटीवर बसवलेल्या, नाव, क्रमांक आणि तारीख दाखवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवरही विसंबू नये. त्यांच्या हुबेहूब नव्या प्रती उघड उघड विकत मिळतात आणि त्यांवर वाटेल तो आकडा ठोकता येतो. पाहावयाचा तो सांगाडा. पुढच्या बाजूस, पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरच्या खाली, दोन उभ्या तुळयांना जोडणारी आडवी तुळई असते. ती गोल नळीची असेल तर सांगाडा विलीजचा. उलट्या पन्हळासारखी चौकोनी असेल तर फोर्डचा. फोर्डने आपला क्रमांक डाव्या तुळईच्या माथ्यावर, एंजिन टेकते त्या जागेजवळ, लोखंडातच ठोकलेला असे. विलीजने तो एका लहान पट्टीवर कोरून ती पट्टी डाव्या तुळईच्या आतील अंगाला, पुढच्या बंपरच्या मागे, रिव्हेटांनी बसवलेली असे. ही पट्टी पडून गेलेली असणे अगदी स्वाभाविक आहे. ती नवीकोरी चकाकत असणे मात्र तितके स्वाभाविक नाही. फोर्डच्या गाडीत एंजिनावरचा आणि सांगाड्यावरचा आकडा कारखान्यातून एकच निघे, विलीजच्या गाडीत तसे नसे. म्हणून दोन आकडे जुळत नाहीत एवढ्यावरून विलीजच्या विक्रेत्याला चोर ठरवू नये, आणि फोर्डच्या गाडीतही लष्कराने एंजिन बदलले असेल हे ध्यानात ठेवावे. फोर्डची आणखी एक खोड म्हणजे आपल्या बहुतेक सुट्या भागांवर, बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, इंग्रजी ‘एफ्’ अक्षर उमटवण्याची. ते अक्षर शोधीत गाडीखाली तासच्या तास पडून राहणारे शौकीन असतात, आणि त्यांच्या कुटुंबीयांना त्यात काय आनंद आहे ते कळत नाही.

पुढची जाळीही बोलकी असते. विलीजच्या अगदी आरंभीच्या गाड्यांना लोखंडी पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. पुढे फोर्डने पत्रा दाबून नऊ उभ्या फटींची जाळी काढली आणि ती दोघांनीही स्वीकारली. युद्धानंतर विलीजने शेतकऱ्यांसाठी जी जीप काढली तिला सात फटी आहेत. त्याखेरीज युद्धातल्या गाडीचे दिवे जाळीच्या मागे दबलेले असतात आणि फिरवून एंजिनावर उजेड पाडण्यासाठी उलटे करता येतात. मागे उघडणारी फळी नसते. आणि पेट्रोल भरण्याचे तोंड चालकाच्या आसनाखाली असते, म्हणजे पेट्रोल भरताना चालकाला उठावे लागते. युद्धातली प्रत्येक विलीज व फोर्ड जीप डाव्या हाताच्या सुकाणूची होती, ब्रिटिश किंवा हिंदी फौजेला दिलेलीसुद्धा. उजव्या सुकाणूची गाडी दिसली तर ती मागाहून बदललेली आहे किंवा मुळातच युद्धातली नाही, ह्यांपैकी एक गोष्ट खरी.

आपल्याकडे मिस्त्री आणि दलाल ‘लो बॉनेट’ व ‘हाय बॉनेट’ असा भेद करतात. तो उपयोगी आहे, पण घेणारा त्यावरून भलताच निष्कर्ष काढतो. उंच बॉनेटची जीप १९५३ नंतरच्या आराखड्याची. तिचे एंजिन डोक्याने उंच असल्यामुळे झाकण वर न्यावे लागले. हीच गाडी पुढे मुंबईच्या कारखान्यातून कित्येक वर्षे बाहेर पडत राहिली. ठेंगण्या बॉनेटची गाडी तिच्यापेक्षा जुनी हे खरे. परंतु युद्धानंतरच्या नागरी विलीज जीपाही ठेंगण्याच होत्या. ‘लो बॉनेट’ म्हणजे ‘लढाईतली’ असे समीकरण बाजारात सर्रास चालते, आणि त्यात घेणाऱ्याचेच नुकसान आहे. युरोपात हाच प्रकार फ्रेंचांच्या हॉचकिस जीपेच्या बाबतीत होतो. ती १९५५ नंतर परवान्याने बनलेली, युद्धातल्या जीपेची सख्खी बहीण शोभावी अशी गाडी. अमेरिकन पांढरा तारा रंगवून ती नॉर्मंडीच्या समारंभात उभी केली की कोणाला संशय येत नाही. पण तिची विजेची मांडणी २४ व्होल्टची, आणि मूळ जीपेची ६ व्होल्टची. हॉचकिस वाईट गाडी नव्हे. तिला हॉचकिस म्हणून विकावी, एवढेच.

ओळख पटली म्हणजे प्रकृती पाहावयाची. जमिनीच्या पत्र्याखाली त्याला बळकटी देणारे टोपीच्या आकाराचे पन्हळ असते आणि युद्धातल्या गाडीत त्या पन्हळात लाकूड घातलेले असे. ते लाकूड पावसाचे पाणी पिऊन बसते आणि पत्रा आतून खाते. वरून रंग मात्र गुळगुळीत राहतो. तेथे आणि मागच्या चाकांवरील हत्यारांच्या कोनाड्यांत पेचकसाने हलके टोचून पाहावे. विकणारा रागावला तर त्या रागातूनही माहिती मिळते. उजव्या बाजूस बॅटरी बसते तिच्या खालची तुळई आम्लाने झडलेली असते, तीही पाहावी. गाडी चालवून पाहताना दुसरा गियर टाकून उतारावर पाय उचलावा, म्हणजे गियर आपोआप निसटतो की काय ते कळते. ही ह्या गाडीची जुनी व्याधी. पुढची चाके खड्ड्यावरून गेल्यावर थरथरू लागली तर सुकाणूचे जोड झिजलेले आहेत. पुढच्या चाकांना गती देणारा छोटा दांडा डांबरी रस्त्यावर टाकून पाहू नये, मोकळ्या मातीत टाकावा. कडक जमिनीवर पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होऊन चांगली गाडीही बिघडते. ब्रेक नऊ इंची ढोलांचे आहेत. ते उत्तम स्थितीत असले तरी आजच्या मोटारीसारखे धरत नाहीत, हे घाट उतरण्यापूर्वी समजलेले बरे.

आता कागद. भारतात ह्या व्यवहारातील खरा खड्डा लोखंडात नसून कागदात आहे. लष्कराच्या गाड्यांची नोंदणी निराळी. त्यांच्या क्रमांकाच्या आरंभी वर टोक केलेला बाण असतो आणि त्यापुढील दोन आकडे गाडी सैन्यात आल्याचे वर्ष दाखवतात. सैन्याने काढून टाकलेली गाडी लिलावात घेतली म्हणजे ती रस्त्यावर आणण्याचा हक्क मिळत नाही; तिची नागरी नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्याने दिलेला विक्रीचा दाखला लागतो. मोटार वाहन नियमांत हा दाखला नमुना क्रमांक २१ म्हणून आहे. जबलपूरला निस्सानच्या परवान्याने १९९९ पर्यंत तयार होत असलेली ‘जोंगा’ अशाच लिलावांतून लोकांच्या हाती आली. सहा सिलिंडरांची, सुमारे चार लिटरच्या पेट्रोल एंजिनाची ही धिप्पाड गाडी शौकिनांना फार प्रिय आहे. लिलावात ती पहिल्याने घेणारा बहुधा भंगाराचा व्यापारी असतो. त्याच्याकडून दुसरा, दुसऱ्याकडून तिसरा, आणि ह्या प्रवासात तो एक कागद हरवतो. मग गाडी स्वस्त होते. स्वस्ताईचे कारण ‘कागद नंतर करून देऊ’ असे असेल तर तेथूनच परतावे. जो कागद विकणाऱ्याला इतक्या वर्षांत मिळाला नाही तो घेणाऱ्याला कसा मिळणार? ह्यातूनच भंगारात गेलेल्या गाडीचे नोंदणीपुस्तक घेऊन त्यातील आकडा दुसऱ्या सांगाड्यावर ठोकण्याचा धंदा निघतो. तो गुन्हा आहे. आणि उघडकीस आला की गाडी ज्याच्या दारात उभी असेल त्याच्या दाराशी पोलीस येतात.

फेरफाराचा प्रश्न ह्याला लागूनच आहे. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव जुन्या जीपा नव्याने बांधण्याबद्दल देशभर प्रसिद्ध झाले. तेथील कारागिरांच्या हाताला दाद दिली पाहिजे. परंतु १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आणि त्यावर २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल ह्यांप्रमाणे कारखान्याच्या मूळ वर्णनापासून दूर जाणारा फेरफार चालत नाही. याउलट, मूळ रूप जपणाऱ्याला २०२१ च्या जुलैतील नियमांनी वाट करून दिली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, खासगी वापराची, सांगाडा, अंग आणि एंजिन ह्यांत मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणावयाची. तिच्यातून रोज भाजी आणावयास जाता येत नाही. आणखी एक गंमत येथेच सांगितली पाहिजे. लढाईतल्या जीपेचा जो रंग शौकिनाला जिवापाड प्यारा, तो सैनिकी हिरवा रंग केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२१ व्या नियमाने संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज इतरांना मना आहे. अमेरिकेहून त्या छटेचा डबा मागवण्यापूर्वी हे वाचलेले असावे.

विकणाऱ्याची बाजू आतापर्यंत मागे राहिली. त्याने प्रथम आपला गिऱ्हाईक कोण हे ओळखावे, कारण बाजार एक नसून दोन आहेत. मळ्यावर किंवा डोंगराळ भागात गाडी राबवणाऱ्याला डिझेल एंजिन, बारा व्होल्टची वीज आणि चांगले ब्रेक हवे असतात, आणि त्यासाठी तो अधिक पैसे मोजतो. संग्राहकाला नेमक्या ह्याच सुधारणा दोष वाटतात. एकाच खर्चाने एका बाजारात किंमत चढते आणि दुसऱ्यात उतरते. म्हणून जुने पेट्रोल एंजिन काढून डिझेल बसवले असेल, तर काढलेले एंजिन आणि गियरपेटी भंगारवाल्याला किलोच्या भावाने देऊ नये. कोपऱ्यात झाकून ठेवावी. गाडीसोबत ती दोन लोखंडे दाखवता आली तर संग्राहकाशी बोलणे निराळ्या पातळीवर होते. सांगाडा उघडा असताना घेतलेली छायाचित्रे, मिस्त्र्यांची बिले, कोणता भाग नवा घातला त्याची यादी, ह्यांचेही तसेच आहे. नवा पत्रा नवाच म्हणून सांगणाऱ्याला थोडी कमी किंमत येईल. पण ती किंमत परत मागावयास कोणी येणार नाही.

पुष्कळ शहरी कुटुंबांत हा व्यवहार हौसेने न येता वारशाने येतो. वडिलांनी किंवा आजोबांनी केव्हातरी घेतलेली जीप गावच्या शेडमध्ये विटांवर उभी असते. ते गेल्यावर ती विकून टाकावी असे ठरते, आणि एखादा जाणता शेजारी ‘भंगारात घालतो’ म्हणून घेऊन जातो. असे करू नये. नोंदणीधारक मृत्यू पावल्यास वारसाने तीस दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवावयाचे असते, आणि तीन महिन्यांच्या आत गाडी आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज नमुना क्रमांक ३१ मध्ये द्यावयाचा असतो. मुदत टळून गेली असली तरी आधी हे काम उरकावे आणि मग विक्रीचे बोलावे. विक्री झाल्यावरही नाव उतरवून घेण्यात आळस करू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे की गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून फिरली असली तरी सरकारी नोंदीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक; अपघात झाला तर नुकसानभरपाईचा दावा त्याच्यावर येतो. शेडमधून गेलेल्या जीपेने दुसऱ्या जिल्ह्यात कोणाला धडक दिली, आणि नोटीस आली ती मुंबईतल्या बिऱ्हाडी, असे होण्यास दोन सह्यांचा विलंब पुरतो.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे आता वळता येईल. फोर्डचा सांगाडा, विलीजचे एंजिन आणि नवा पत्रा असलेल्या गाडीला ‘१९४२ ची जीप’ म्हणणारा खोटे बोलतो काय? एंजिनाच्या अदलाबदलीपुरता तो खोटे बोलत नाही. ती अदलाबदल हाच ह्या गाडीचा धर्म होता. पत्रा नवा असून तसे सांगितले नाही, तर तो अर्धे सांगतो. परंतु सांगाड्यावरचा आकडा एका गाडीचा आणि पुस्तकातला दुसरीचा असेल, तर त्याच्याजवळ विकण्याजोगे भंगार आहे, गाडी नाही. तोही निवाडा पाहणाऱ्याच्या हाती आहे. नोंदणी कार्यालयात आकड्याचा ठसा पेन्सिलीने घेण्याची जुनी रीत आहे. घेणाऱ्यानेही तसेच करावे. तारेच्या ब्रशाने तुळईवरचा गंज आणि रंग खरवडून जागा स्वच्छ करावी, तीवर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवावी, आणि उमटलेले आकडे नोंदणीपुस्तकाशी एकेक करून ताडून पाहावे. आजूबाजूचे लोखंड घासून पातळ झालेले दिसले, किंवा आकडे एका ओळीत नसून नाचत असलेले दिसले, तर बयाणा खिशातच ठेवावा. सर्व जुळले तर तोच कागद विक्रीच्या करारनाम्याला डकवून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्या, आणि मग पैसे मोजावे.